शहाण्या, विचार तिला

९ जानेवारी

कोंबड्या आल्या. पाच आहेत. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर शर्टांना काजं करणारी बाई लेकीकडे कायमची राहायला गेली. तिनं जाताना खोक्यासकट माझ्या हवाली केल्या. कारखाना बंद पडला तेव्हा कुणाच्या वाट्याला काय आलं, कुणाच्या काय. माझ्या वाट्याला कोंबड्या.

बाबांनी खोक्यात डोकावून पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, हे काय नवीन खूळ. पण ते वळून कुत्र्याला म्हणाले, "शहाण्या, विचार तिला, यांना ठेवणार कुठं?"

कुत्रा माझ्याकडे बघत बसला. मी त्याच्याकडे. शेवटी मी भिंतीला सांगितलं, "मागच्या अंगणात."

कुत्र्याचं नाव शहाण्या. मला या माणसानं जन्मभर दीडशहाणी म्हटलं आणि कुत्रा मात्र शहाण्या!

इथं येऊन दोन महिने होत आले. वीस-बावीस वर्षं दुसऱ्या शहरात कटिंग मास्तर होते, माझ्या खुणेशिवाय कापडाला कात्री लागत नव्हती. आता वडिलांच्या घरी बसून गल्लीतल्यांच्या पँटी आखूड करते. मी आले म्हणून माझ्या जुन्या खोलीतून कुत्र्याचं अंथरूण हलवावं लागलं. ते बाबांच्या खोलीत गेलं. याबद्दल मी कुत्र्याची माफी मागावी, अशी दोघांचीही अपेक्षा दिसते.

ही वही कोंबड्यांच्या नोंदीसाठी काढलीय. तेवढंच लिहायचं, असं ठरवलं होतं.

१० जानेवारी

नावं ठेवली. बटण, काजं, अस्तर, झालर आणि मुकादम. मुकादम तांबडी आहे, मान ताठ ठेवून सगळ्यांच्या मागं फिरते आणि दुसरीनं शोधलेला दाणा स्वतः खाते. आमचा मुकादम हुबेहूब असाच होता.

शहाण्या खोक्यासमोर उभा राहून थरथरत होता. तोंडातून लाळ. मी म्हटलं, "बाबा, याचं लक्षण काही ठीक दिसत नाही."

बाबा कुत्र्याची पाठ थोपटत म्हणाले, "घाबरलाय तो."

लाळ गाळत घाबरणारा प्राणी मी प्रथमच पाहिला.

१२ जानेवारी

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. जनावरांच्या डॉक्टर. शहाण्याला सुई टोचणाऱ्या म्हणून तो पलंगाखाली शिरला, तर बाबा या वयात गुडघ्यावर बसून त्याची समजूत घालत होते.

बाईंनी सगळं नीट सांगितलं. जाळी बारीक भोकांची हवी आणि खालून विटा पुरायच्या, कारण कुत्रा उकरतो. सुरुवातीला कुत्रा पट्ट्यावर, जाळीच्या बाहेर. त्यानं कोंबडीकडे पाहिलं आणि मान फिरवून तुमच्याकडे पाहिलं की तेवढ्याच क्षणी तोंडात खाऊ. ओरडायचं नाही, मारायचं नाही, घाई करायची नाही. अंधार पडायच्या आत कोंबड्या खुराड्यात बंद. आणि लक्ष ठेवायला माणूस नसेल तर दोघांना एकत्र सोडायचं नाही, वर्ष उलटलं तरी. बाबा जिवाचा कान करून ऐकत होते. माझ्या शाळेत पालकांना बोलावलं की हेच बाबा घड्याळाकडे बघायचे.

बाई पुढं खाण्यापिण्याबद्दल काहीतरी सांगत होत्या. माझं लक्ष उडालं, कारण तेवढ्यात बाबांनी कुत्र्याच्या कानातली माती आपल्या खिशातल्या रुमालानं पुसली. हळूच, कडेकडेनं. लहानपणी माझा कान फुटला होता तेव्हा मला आई दवाखान्यात घेऊन गेली. बाबा लिफ्टवर होते. शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि ज्या ज्या वेळी मला काही झालं त्या त्या वेळी कुठलीतरी लिफ्ट अडकलेली असायची.

१५ जानेवारी

चहाच्या वेळी बाबा एक बिस्कीट मोडतात. अर्धं कुत्र्याला, अर्धं स्वतःला. डबा माझ्यापुढं सरकवतात, घे म्हणत नाहीत. घ्यायचं तर घ्या. मी घेत नाही.

हा कुत्रा त्यांना लिफ्टच्या खड्ड्यात सापडला. निवृत्तीच्या आधी, एका जुन्या इमारतीत. तळाशी पिल्लू रडत होतं आणि लिफ्टचा मालक म्हणत होता, आधी लिफ्ट चालू करा. बाबांनी लिफ्ट बंद केली आणि खाली उतरले. शर्टात घालून वर आणलं. ही गोष्ट ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. डॉक्टरीणबाईंना परवा पुन्हा सांगितली, त्यांनी पुन्हा "हो का?" म्हटलं.

मी काही खड्ड्यात पडले नाही, हीच माझी चूक झाली असावी.

२० जानेवारी

जाळी झाली. बाबांनी खांब ओळंब्यात धरून पुरले, विटा मी लावल्या. काम छान झालं, पण तसं कुणी म्हणालं नाही.

आता रोज सकाळी असा कार्यक्रम: मी जाळीच्या आत कोंबड्यांपाशी, पाटावर बसून. बाबा बाहेर स्टुलावर, पट्टा हातात, खिशात उकडलेल्या बटाट्याच्या फोडी. कोंबडी फडफडली की शहाण्याचं अख्खं अंग ताठ होतं. मग बराच वेळ काही नाही. मग तो मान फिरवून बाबांकडे बघतो आणि बाबा म्हणतात, "शाब्बास! शाब्बास रे माझ्या राजा!"

एका मान फिरवण्याला दोन शाब्बास आणि एक राजा. मी विभागात पहिली आले होते तेव्हा "बरं" म्हणाले होते. एकदाच. मी हे विसरले होते असं मला वाटत होतं, पण आज जाळीच्या आत पाटावर बसून बघताना ते आठवलं आणि मी उगाच काजंला दूर ढकललं. बिचारीचा काय दोष.

या वयात कुत्र्यावर जळते आहे मी. लिहून ठेवते, म्हणजे उद्या वाचून लाज वाटेल आणि बरं होईल.

२१ जानेवारी

वाचलं. लाज वाटली नाही.

२५ जानेवारी

बाबांना एक नवीनच सवय लागलीय. जाळीबाहेर बसून कुत्र्याशी बोलत बसतात, आणि विषय मी!

"शहाण्या, विचार तिला, कारखान्यात जेवायला सुट्टी किती असायची."

"शहाण्या, विचार, एकावर एक किती थर लावून कापायची कापड."

"विचार तिला, बोट कधी कापलं होतं का."

मी उत्तरं देते, पण जाळीकडे बघून देते. अर्धा तास. कधी एक. घरात शिरलं की हे थांबतं, मग फक्त "दूध उतू जाईल बघ" एवढंच. माझ्याशी थेट बोलायला काय जीभ झडते? कुत्र्याला इतकी किंमत की मला काही विचारायचं तर तेही त्याच्या तोंडून. मी म्हणजे कुत्र्याच्या हाताखालची कारकून.

आज मुद्दाम उलट केलं. म्हटलं, "काजं, विचार त्यांना, हे सगळं मलाच का विचारत नाहीत."

बाबा हसले नाहीत. थोड्या वेळानं उठून आत गेले. आजची शिकवणी तिथंच संपली आणि कुत्रा दिवसभर माझ्यावर रुसल्यासारखा दारात आडवा पडून राहिला.

३१ जानेवारी

काल रात्री जुन्या सुपरवायझरबाईंचा फोन. दुसऱ्या गावी नवीन कारखाना उघडतोय, कटिंग मास्तर हवी, राहायला खोली देतात. विचार करून सांगते म्हटलं.

बाबा स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकलं असणार. सकाळी स्टुलावर बसल्याबरोबर, "शहाण्या, विचार तिला, केव्हा जायचं म्हणते."

बघा. राहतेस का, असं नाही. केव्हा जायचं! मला घालवायची इतकी घाई झालीय. खोली मोकळी झाली की कुत्र्याचं अंथरूण परत तिथं न्यायला बरं.

मी म्हटलं, "बघू." बाबांनी बटाट्याची फोड हातातच कुस्करली. कुत्रा वाट बघत राहिला.

मागच्या वेळी जाताना मी स्पष्ट सांगितलं होतं, मी जातेय, तिकडे कटिंग शिकणार. तेव्हा म्हणाले होते, "जायचं तर जा." तेव्हा कुत्रा नव्हता, म्हणून थेट बोलले.

४ फेब्रुवारी

सुपरवायझरबाईंना नाही म्हणून सांगितलं. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. अस्तर आजारी होती, दोन दिवस तिला मांडीवर घेऊन बसले होते, आणि फोन आला तेव्हा तोंडातून आपसूक "नाही जमणार" निघालं.

बाबांना सांगणार नाही. मला विचारतील, माझ्या तोंडाकडे बघून, तेव्हा सांगेन.

९ फेब्रुवारी

शहाण्या आता जाळीला पाठ करून झोपतो. कोंबड्या त्याच्या शेपटीपाशी जाळीतून चोची मारतात तरी उठत नाही. कालपासून कोंबड्या अंगणात मोकळ्या आणि तो पट्ट्यावर. मुकादम त्याच्या नाकासमोरून दोनदा चालत गेली. त्यानं फक्त डोळे मिटले. खरं सांगायचं तर कौतुक वाटलं. मी तोंडावर दाखवलं नाही.

बाबा खुराड्याला आपोआप उघडणारं दार करताहेत. लिफ्टसारखं, दोरी, कप्पी आणि पलीकडे वजन. घरात कुलपाएवढी घड्याळाची चाकं पसरलीत. कुत्र्याला समजावून सांगत होते, "दार झालं की पहाटे उठायला नको रे कुणाला."

कुणाला! पहाटे उठते मी. माझं नाव घ्यायला जीभ इतकी जड. आणि मी गेल्यावर आपली गैरसोय नको म्हणून ही आत्तापासून तयारी.

१३ फेब्रुवारी

शहाण्याचं खाण्याचं भांडं बाबांच्या खुर्चीशेजारी असतं. ते जेवतात, तो जेवतो. एकमेकांकडे बघत. मी समोर बसलेली असते आणि मला कुणीतरी पाहुणी जेवायला राहिलीय असं वाटतं. आज भांडं उचललं आणि अंगणात धुण्याच्या दगडापाशी ठेवलं. म्हटलं, घरात वास येतो.

वास येत नाही. पण तसं म्हटलं.

बाबांनी दगडाकडे पाहिलं, मग कोंबड्यांकडे, मग माझ्याकडे. काहीतरी बोलणार होते. मग खाली वाकून कुत्र्याला म्हणाले, "शहाण्या, तुझी बदली झाली रे."

मला चांगलंच झोंबलं. टोमणा मारायचा तर सरळ मारावा.

तरी आज रात्रीचं जेवण आम्ही दोघंच जेवलो. बाबा सारखं दाराकडे बघत होते. पण समोर मीच होते.

१७ फेब्रुवारी

मुकादम गेली.

मी कपडे वाळत घालत होते. कोंबड्या मोकळ्या होत्या, शहाण्या दगडाला बांधलेला, सकाळचं खात होता. बाबा आंघोळीला गेले होते. मी पाठ फिरवली तेवढ्यात एकच आवाज आला, तोही मोठा नाही. वळून बघते तर भांडं उपडं, भात सांडलेला आणि मुकादम त्याच्या तोंडात. मी ओरडले तशी त्यानं तिला खाली टाकलं. तिनं पाय दोनदा झाडले. त्यानं पुन्हा तोंड लावलं नाही, भांड्याच्या मागं जाऊन अंग चोरून बसला. गुन्हा करून वर साळसूदपणा.

इतक्या दिवसांचे शाब्बास, इतके बटाटे, आणि शेवटी दात दाखवलेच!

बाबा टॉवेलवरच धावत आले. आधी कुणाकडे गेले असतील? कुत्र्याकडे. त्याचं तोंड उघडून बघितलं, कुठं लागलं का. मी हातात मेलेली कोंबडी घेऊन उभी.

मग मी जे बोलले ते बोलले. म्हटलं, "तो राहील या घरात, नाहीतर मी. आता ठरवा."

बाबा भांड्याकडे बघत राहिले. सुलटं केलं, दगडावर ठेवलं, पुन्हा उचलून हातात घेतलं. कुत्र्यालाही काही म्हणाले नाहीत.

१८ फेब्रुवारी

सकाळी उठले तर दोघंही नव्हते. बाबा दुपारी एकटेच परत आले. लेथवाल्या काकांकडे ठेवलं म्हणाले. लेथवाले काका म्हणजे बाबांचे जुने दोस्त. लिफ्टचे सुटे भाग त्यांच्याकडेच व्हायचे. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं वर्कशॉप आहे.

म्हणजे मला ठेवून घेतलं. कुत्र्याला घालवलं आणि मला ठेवलं. हे वाक्य मी तीनदा लिहून बघितलं. खूप बरं वाटायला हवं होतं.

२२ फेब्रुवारी

घरात चिटपाखरू नसल्यासारखं झालंय, आणि आहोत दोन माणसं. मी सकाळी जाळीच्या आत पाटावर बसते. बाहेर स्टूल रिकामं. बाबा खिडकीतून बघतात आणि बाजूला होतात.

आज मी स्वतःहून सांगितलं, "एकावर एक साठ थर लावायचो आम्ही. तुम्ही विचारलं होतं, तेव्हा मी चाळीस म्हटलं. साठ लावायचो."

बाबा म्हणाले, "असं?"

मग आजूबाजूला बघितलं, जणू पुढचा प्रश्न कुणाला सांगायचा तेच कळेना. आणि उठून दाराच्या दोरीला तेल घालायला गेले.

२६ फेब्रुवारी

कोंबड्याही बिचकतात. अंडी कमी झाली.

बाबा रोज जेवण झालं की बाहेर जातात आणि संध्याकाळी येतात. पँटवर केस असतात. कुत्र्याचे. मी काय आंधळी आहे? रोज दोन बस बदलून त्याला भेटायला जातात! या घरात त्यांना दिवसभरात माझ्याशी बोलायला चार शब्द सुचत नाहीत आणि तिकडे तास न् तास बसतात. घरात होता तेव्हा निदान डोळ्यासमोर होता. आता तो गेला तरी त्याचंच राज्य. सवत परवडली, तिचं तोंड तरी दिसतं.

मी शिकवणी पुरी करू दिली असती तर? नाही, मुकादम त्यानंच मारली. माझ्या डोळ्यांदेखत.

एवढं लिहून मी बराच वेळ धुण्याच्या दगडाकडे बघत बसले. तिथं आता काही नाही. का बघत होते कोण जाणे.

२ मार्च

आज त्यांच्या मागून गेले. अंतर ठेवून, पुढची बस पकडून. स्वतःची लाज वाटत होती, पण पाय थांबेनात.

लेथवाले काका दारातच होते, हात काळे. म्हणाले, "अगं, ये ये. आत आहे तुझा बाप. रोज येऊन त्या जनावराचं डोकं खातो. मला तर आता तुझा सगळा इतिहास पाठ झालाय."

"माझा?"

"मग काय माझा? तू कुठं काम करत होतीस, किती थर कापायचीस, तुझं बोट कधी कापलं होतं... मी म्हटलं, अरे, त्या कुत्र्याला काय करायचंय तुझ्या पोरीच्या बोटाशी?"

मी आत गेले. मागच्या बाजूला लोखंडाच्या सळ्या रचल्या होत्या, पलीकडे बाबा उपड्या खोक्यावर पाठमोरे बसले होते. शहाण्याची हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर. तिथवर पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात नेहमीचंच चाललं होतं, की बघा, कसे बसलेत, मला असं कधी जवळ घेतलं होतं का. आणि मग ऐकू आलं.

"घरी गेलास की सांग तिला," बाबा म्हणत होते. "भांडं तिथं नको होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं मला, याचं खाणं वेगळं ठेवा. कोंबडी ताटात तोंड घालणार, आणि हा आपल्या ताटासाठी चवताळणार. कुठलाही कुत्रा चवताळेल. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण मी बोललो नाही. म्हटलं, बोललो तर तिला वाटेल, मी कुत्र्याचीच बाजू घेतो. तिला सांग, कोंबडी माझ्यामुळं गेली."

भांडं तिथं कुणी नेलं, ते मला माहीत होतं. वासासाठी नेलं नव्हतं, हेही मला माहीत होतं. आणि हा माणूस सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन तो निरोप एका कुत्र्याकडे देत होता. तो कुत्रा तर मीच घराबाहेर काढला होता.

मी म्हटलं, "तो कुठं घरी येणार आहे? कसा सांगेल? मलाच सांगा ना."

बाबा दचकले. उठायला गेले, परत बसले. सवयीनं खाली बघून म्हणाले, "शहाण्या, हिला विचार..." आणि थांबले. मग पुन्हा सुरुवात केली, तरी नजर कुत्र्यावरच. तेवढ्यात बाहेरचा लेथ बंद पडला. काकांनी तो नीट ऐकू यावं म्हणूनच बंद केला असणार.

शेवटी बाबांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू परत जाणार," ते म्हणाले. "आज नाही तर वर्षानं. मागच्या वेळी तू गेलीस तेव्हा तुझ्याशी बोलायची सवय होती मला. येता-जाता, घरभर. ती मोडायला फार दिवस लागले. रिकाम्या खोलीत जाऊन बोलायचो मी. तुझी आई घाबरायची. मग आता म्हटलं, नकोच लावून घ्यायला. हा बरा आहे, हा कुठं जात नाही. तुला काही विचारायचं तर याला विचारतो."

मला एकदम खूप राग आला. इतका की डोळ्यांत पाणी आलं. "जा म्हणाला होतात तुम्ही! जायचं तर जा, असं!"

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"जाऊ नकोस म्हणायचं होतं. मी गेलेच असते. पण म्हणायचं होतं."

शहाण्या एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता, कोण खाऊ देतं म्हणून.

"जाऊ नकोस," बाबा म्हणाले. हळूच म्हणाले, आणि लगेच, जणू फार मोठं काही बोलून गेले, तसं घाईनं, "म्हणजे तो तुझा नवीन कारखाना. खोली देतात म्हणे."

"त्यांना मी केव्हाच नाही म्हटलं."

"मला कुठं सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? कुत्र्याला विचारलंत!"

बाहेर काका मोठ्यानं हसले आणि मग खोकल्याचं सोंग केलं.

भांड्याबद्दल मी सांगितलं. वास येत नव्हता, हे सांगितलं. का नेलं ते सांगताना नीट जमलं नाही, मधेच अडखळले, पण बाबांना कळलं असावं, कारण त्यांनी शहाण्याच्या डोक्यावरचा हात काढून घेतला आणि तो कुठं ठेवावा हे त्यांना सुचेना. मग माझ्या खांद्यावर ठेवला. जड हात आहे त्यांचा. थोडा वेळच ठेवला.

मी म्हटलं, "चला घरी, तिघंही. अंधाराच्या आत कोंबड्या बंद करायच्यात."

बसमध्ये कुत्रा घेत नाहीत म्हणून चालत निघालो. पट्टा बाबांनी माझ्या हातात दिला. पहिलं वळण आलं. मग बाबांनी विचारलं की तिकडे खोलीत मी एकटीच होते का, मग विचारलं स्वयंपाक कोण करायचं, मग माझं उत्तर संपायच्या आत स्वतःच सांगायला लागले, आणि बांध फुटावा तसे बोलत सुटले. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या नवरदेवाची गोष्ट. ब्रेकच्या पट्टीची गोष्ट. आई शेवटच्या आजारात असताना कुठल्या दुकानातून पाव आणायचे ते. खुराड्याच्या दाराचं वजन किती असावं आणि का, हे तर दोनदा. माझे कान किटले. मी एकदाही थांबवलं नाही.

शहाण्यानं मधे दोन-तीनदा वळून बाबांच्या गुडघ्याला नाक लावलं. बाबांचं लक्षच नव्हतं, ते हातवारे करून मला कप्पी समजावत होते. मग तो माझ्या बाजूनं चालायला लागला. कान पाडून, मान खाली घालून, डोळ्यांच्या कडेनं माझ्याकडे बघत. ते बघणं मी चांगलं ओळखते. या घरात आल्यापासून मी त्याच्याकडे तसंच बघत आलेय.

बाबा रस्ता ओलांडायला थांबले तेव्हा मी खाली वाकले आणि त्याच्या कानात म्हटलं, "जळू नकोस रे. होते सवय."